गालावरचं पीठ

३ मार्च

मामा,

नमस्कार वगैरे शेवटी, आधी बातमी! मशीन सुरू झालं! बाबा ज्याला "मामाचं धूड" म्हणतात ते तुमचं म्हातारं मशीन आमच्या गाडीच्या खोलीत गेल्या आठवड्यात एका सकाळी खडखडलं, घरघरलं, आणि थोड्या वेळाने त्याच्या तोंडातून पहिला फोटो बाहेर पडला. कोरडा, गरम, चकचकीत! मी इतक्या जोरात किंचाळले की बाबा एकाच चपलेत खाली धावत आले. त्यांना वाटलं मला शॉक बसला.

तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलंय. मशीनखाली रबर घातलं, दुपारचं ऊन नको म्हणून पश्चिमेच्या खिडकीला जाळी बांधली, आणि फोटो तपासायचं टेबल खिडकीला चिकटून ठेवलं. "फोटो दिवसाच्या उजेडात बघायचा, दिव्याखाली नाही." एकही धडा विसरलेले नाही बघा.

आता दुसरी बातमी, खुर्चीला धरून बसा. आमच्याकडे एक नावाजलेले फोटोग्राफर आहेत, सगळे त्यांना टोपीवाले म्हणतात. अजून फिल्मवर फोटो काढतात. त्यांनी शहरातल्या राबणाऱ्या माणसांचे ऐंशी फोटो काढलेत, एप्रिलअखेर त्यांचं प्रदर्शन आहे, आणि ते सगळे फोटो कदाचित माझ्या लॅबमध्ये छापणार! कदाचित, कारण आधी नमुना पास व्हायला हवा. एक बेकरीवाली बाई आहे, भट्टीसमोर उभी, गालावर पीठ. टोपीवाले म्हणाले, "गाल गालासारखा आणि पीठ पिठासारखं दिसलं की ऐंशीच्या ऐंशी तुझे."

आणि आता रड. सकाळी छापलेले फोटो झकास येतात. दुपारनंतरचे हिरवट दिसतात, म्हणून मी मशीनवरची लालची कळ दोनदा दाबून ते पुन्हा छापते. टेबलावर अगदी बरोबर दिसतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट उघडावं तर सगळे चेहरे लालबुंद! मामा, माझे फोटो रात्रीतून रंग बदलतात!

बाबांनी ३१ तारीख दिलीये. तोवर टोपीवाल्यांचं काम मिळालं तर ठीक, नाही तर मशीन भंगारात आणि त्यांची गाडी परत खोलीत. मी बँकेतली नोकरी सोडून आले ते काय धूड भंगारात जाताना बघायला? लवकर लिहा. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि रंग तर तुमच्या मते फोनवर दिसतच नाही, म्हणून सोबत दोन फोटो जोडलेत.

तुमची खार

७ मार्च

खारूताई,

पत्र मामीच्या अक्षरात आहे म्हणून दचकू नकोस. माझा उजवा हात दुखतो, मी सांगतो आणि ती लिहिते. (हे सकाळी याच हाताने बागेत कुदळ चालवत होते. - मामी)

मशीन सुरू झालं हे वाचून, म्हणजे ऐकून, बरं वाटलं. पस्तीस वर्षं ते माझ्या लॅबमध्ये राबलं, कधी एक दिवस आजारी पडलं नाही. तेव्हा मशीनला दोष देऊ नकोस. दोष पाण्यात असणार.

फोटो छापल्यावर रंग बदलतो याचा अर्थ सरळ आहे, फोटो नीट धुतला जात नाही. रंग पक्का करणारा फिक्सर जुना झालाय किंवा धुण्याचं पाणी कमी पडतंय. सगळ्या टाक्या उपस. रोलर काढून ब्रशने घास. डेव्हलपरमध्ये फिक्सरचा एक थेंब पडला तरी सत्यानाश होतो, तेव्हा हात धुऊन मगच टाकीला हात लाव. नवीन रसायन भर, तापमान दर तासाला बघ.

आणि दाजींना म्हणावं, गाडी बाहेर उभी राहिली तर सर्दी होत नाही तिला. (हे मी लिहिणार नव्हते, पण यांनी आग्रह केला.)

मामा

११ मार्च

मामा,

टाक्या उपसल्या! रोलर घासले! सोळा रोलर, प्रत्येकाला तीनदा! नखं काळी झाली, अंगाला फिक्सरचा असा वास येतोय की मांजर जवळ येत नाही. नवीन रसायन भरलं. काल दुपारी तीन वाजता बेकरीवाली छापली तर इतकी सुंदर आली की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. पीठ पांढरंशुभ्र, गाल सावळा, कपाळावर घाम.

आज सकाळी बघते तर पुन्हा तेच. बाई लाल, पीठ लाल. पालथ्या घड्यावर पाणी!

आणि तो फोटो मी टोपीवाल्यांना सकाळीच दाखवणार म्हणून बोलावून बसले होते. त्यांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "ही बाई बेकरीत काम करते की रंगाच्या कारखान्यात?" पण माणूस चांगला आहे. २८ तारखेपर्यंत वाट बघतो म्हणाले. सकाळीच छापून मोकळी हो म्हणाल, तर ऐंशी मोठे फोटो नुसत्या सकाळी छापून व्हायचे नाहीत, आणि दोष कुठे आहे हे माहीत नसताना त्यांना कसा शब्द देऊ?

अजून एक. मशीन तपासायची ती कंपनीची तयार पट्टी असते ना, ती मी सकाळी एक आणि दुपारी एक अशी चालवली. दोन्ही अगदी सारख्या निघाल्या, मोजणीच्या यंत्रावर एका आकड्याचाही फरक नाही. याचा अर्थ काय? मला तर काहीच उमगत नाही. लाल झालेली बाई सोबत पाठवते. नीट निरखून बघा.

खार

१४ मार्च

खारूताई,

पट्टीचं आणि आकड्यांचं मला सांगू नकोस. मी आयुष्यात कधी आकड्यावर फोटो पास केला नाही. डोळा सांगतो तेच खरं.

बाईला निरखून बघितलं. पीठ डाळिंबाच्या सालीच्या आतल्या अंगासारखं झालंय. गाल विटकरी. एप्रनची पट्टी मोरपंखी असायला हवी ती जांभळटलीये. मागची भिंत मात्र बरी आहे, किंचित बदामी. अजूनही धुण्यातच गोम आहे.

आता एक कर. दुपारी एक फोटो छाप, तुझ्या मते अगदी बरोबर असलेला. लगेच कात्रीने मधोमध काप. अर्धा त्याच क्षणी पाकिटात घालून मला पाठव, अर्धा तुझ्या कपाटात अंधारात ठेव. दुसऱ्या दिवशी तुझा अर्धा बघ, मी माझा बघतो. कुठला तुकडा किती बदलला यावरून चोर सापडेल.

हिंमत सोडू नकोस. आपल्या घराण्यात कुणी मशीनपुढे हात टेकले नाहीत. (त्यांनी दोनदा टेकले होते. एकदा तर रडलेही होते. तू जेवत जा वेळेवर.)

मामा

१८ मार्च

मामा,

तुम्ही कधीपासून डाळिंब आणि मोरपंखी बोलायला लागलात हो? मला आठवतंय, तुम्ही फोटो हातात घेऊन नुसतं "दोन लाल जास्त, एक पिवळा कमी" म्हणायचात, त्यापुढे एक अक्षर नाही. म्हातारपणी कवी झालात की काय!

अर्धा फोटो तुम्हाला त्याच दिवशी टाकला, मिळाला असेल. माझा अर्धा कपाटात ठेवला होता. सकाळी लाल. तोही सोबत पाठवतेय, दोन्ही जोडून बघा.

मामा, आता गंमत राहू दे. काल बाबांनी भंगारवाल्याला आणलं. तो आला, दाराची रुंदी मोजली, मशीनवर टकटक करून बघितलं आणि "निघेल आरामात" म्हणाला. मी मध्ये उभी राहिले तर मला म्हणतो, "ताई, जरा बाजूला व्हा." मला रडू फुटलं, आणि राग इतका आला की तुमचा ब्रश त्याच्या अंगावर भिरकावला असता. बाबांनी मात्र त्याला ३१ तारीख पक्की सांगितली.

तुम्ही या ना! दोन दिवसांसाठी या. तुम्ही इथे उभे राहून एकदा बघितलंत तर पाच मिनिटांत सापडेल, मला खात्री आहे. मामीलाही आणा. नाही म्हणू नका.

खार

२० मार्च

खारूताई,

येता येणार नाही. गुडघा दुखतो. प्रवास झेपत नाही. दोन्ही तुकडे बघितले, दोन्ही सारखेच लाल आहेत. म्हणजे नक्कीच धुण्याचा दोष. पाण्याची टाकी पुन्हा उपस, दुसऱ्या नळाचं पाणी भरून बघ.

मामा

खारू, आता इथून खाली मी लिहितेय. हे समोरच बसलेत, त्यांना वाटतंय मी पाकिटावर पत्ता लिहितेय.

यांचा हात ठणठणीत आहे आणि गुडघाही. यांना दिसत नाही. वर्ष झालं. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, डॉक्टरांनी ऑपरेशन करू म्हटलं तर उठून आले. म्हणतात, "डोळ्याला कुणी सुरी लावायची नाही, माझ्याकडे तेवढंच तर होतं." तुझे फोटो आले की मला म्हणतात, "सांग, कसा दिसतो." मी सांगते, ते ऐकतात आणि मग पत्र सांगतात. डाळिंब माझं आहे. रडूही नकोस आणि त्यांना कळूही देऊ नकोस, फार खजील होतील.

पण मला एक सांगायचं होतं. यांना बोलले तर म्हणाले, तुला काय कळतं, तू लिही. म्हणून तुलाच लिहिते. तुझे दोन तुकडे मी जोडून बघितले. सांधासुद्धा दिसत नाही, इतके सारखे. एक तुकडा पोस्टाने दोन दिवस फिरून आला, दुसरा आधी तुझ्या कपाटात अंधारात होता. कपडा विटतो तेव्हा असा जोडीने, मोजून मापून विटत नाही गं. एक बाही आधी जाते, मग दुसरी. मला वाटतं ते बदललेलेच नाहीत. छापले तेव्हाच लाल होते.

मी कापड घ्यायला गेले की दुकानात कधीच पसंत करत नाही. ठाण उचलते आणि दाराबाहेर रस्त्यावर नेऊन बघते. दुकानदार कुरकुरतात, कुरकुरू देत. तू असं कर, दुपारी तीनला फोटो छाप आणि तो टेबलावर बघू नकोस, थेट रस्त्यावर घेऊन जा. मग मला कळव. पाकीट चिकटवते आता, हे विचारतायत पत्ता एवढा लांब आहे का.

मामी

२३ मार्च

(मामीसाठी. मोठ्याने वाचू नये.)

मामी, मामी, मामी!

तुझं पत्र वाचून आधी दहा मिनिटं पायरीवर बसून राहिले. मामांना दिसत नाही! आणि मी त्यांना वेड्यासारखी लिहितेय, निरखून बघा! मग म्हटलं, मामी म्हणाली रडू नकोस, तर नाही रडायचं. थोडी रडले.

काल तीन वाजता बेकरीवाली छापली. टेबलावर सुंदर! पीठ पांढरंशुभ्र. तशीच हातात धरून रस्त्यावर पळाले आणि मामी, उंबरठ्याच्या अलीकडे बाई सावळी, पलीकडे बाई लाल! एका पावलात! मी आत गेले, बाई बरी झाली. बाहेर आले, पुन्हा लाल. आत-बाहेर, आत-बाहेर, अकरा वेळा! समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला, त्याचं गिऱ्हाईक गालाला फेस लावून मागोमाग. न्हावी म्हणाला, "ताई, या बाईंना ताप आहे का?" मी त्याला हाताला धरून आत ओढला, म्हटलं, आता बघा. तो म्हणाला, "अरे, उतरला!"

मग मी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि पहिल्यांदा फोटो सोडून खोलीकडे बघितलं. भिंत हिरवट. माझे हात हिरवट. न्हाव्याचा पांढरा सदरासुद्धा हिरवट! पश्चिमेच्या खिडकीला ती जाळी बांधलीये ना, रोपवाटिकेत असते तसली, हिरवी! सकाळी ऊन पुढून येतं तेव्हा काही नाही. दुपारी ऊन फिरलं की सगळा उजेड त्या जाळीतून गाळला जाऊन टेबलावर पडतो. म्हणून फोटो हिरवट दिसायचा, म्हणून मी लाल वाढवायची, आणि मशीन बिचारं सांगेल तेवढा लाल इमानेइतबारे छापायचं! पट्टी तर पहिल्यापासून ओरडून सांगत होती की मशीन ठीक आहे. काखेत कळसा आणि मी सोळा रोलर घासतेय!

जाळी खेचून फाडली. न्हाव्याच्या गिऱ्हाइकाने स्टुलावर चढून वरचं टोक सोडवलं, फेसासकट. खिडकीला पांढरा पडदा लावला. चारला पुन्हा छापला, लालची कळ न दाबता. आत सावळी, बाहेर सावळी! आज सकाळी कपाटातून काढली, तरी सावळी!

मामी, तू लॅबमध्ये काम का नाही केलंस गं कधी?

(हे मामांना वाचून दाखव.)

मामा, सापडलं! तुमच्या अर्ध्या फोटोच्या युक्तीनेच सापडलं! दोन्ही तुकडे सारखे, म्हणजे रंग बदलत नाही, मग दोष बघण्यात. खिडकीची जाळी हिरवी होती. जाळी लावायचा हुकूम तुमचा आणि हिरवी आणायची अक्कल माझी, तेव्हा निम्मा निम्मा दोष घेऊ. २८ ला टोपीवाले येतायत.

तुमची नाचणारी खार

२९ मार्च

मामा आणि मामी,

पास!

टोपीवाले काल बरोबर साडेतीनला आले. मी मुद्दाम दुपारची वेळ दिली होती, आता भ्यायचं कुणाला? बेकरीवाली त्यांच्या हातात दिली. त्यांनी भिंग काढलं, गालावर धरलं. बाबा दारात उभे. मग त्यांनी चक्क टोपी काढली! मामा, खाली टक्कल आहे, पूर्ण! म्हणाले, "हे पीठ आहे. फुंकर मारली तर उडेल." ऐंशीच्या ऐंशी माझे!

ते गेल्यावर बाबांनी काय करावं? फोटो उचलला, रस्त्यावर नेला, उन्हात बघितला, आत आणला, परत बघितला. मग भंगारवाल्याला फोन लावून म्हणाले, "तुम्ही येऊ नका, आमचं मशीन चालू आहे." आमचं म्हणाले! मी ऐकलं!

आता एक विचारायचंय. प्रदर्शनाच्या दारात एक पाटी असणार, कुणी छापलं, कुणी तपासलं. टोपीवाल्यांना मी म्हटलं, दोष माझ्या घरच्यांनी शोधला, मी नाही. ते म्हणाले, मग ज्यांनी शोधला त्यांचं नाव घाल. कुणाचं घालू? मला काय वाटतं ते मामीला ठाऊक आहे.

प्रदर्शन २७ एप्रिलला आहे. दोघांनी यायचंच.

खार

३ एप्रिल

खारूताई,

शाब्बास! मी म्हटलं होतं ना, दोन तुकडे करून बघ. अनुभव म्हणतात तो याला. पाटीवर माझं नाव घाल, अक्षर जरा मोठं असू दे, लांबूनही वाचता आलं पाहिजे. खाली "पस्तीस वर्षांचा अनुभव" असंही लिही. जाळीचा निम्मा दोष मला मान्य नाही, पाव घेतो.

मामा

(घाल बाई त्यांचं नाव. ऐंशी फोटो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचेत म्हणून काल आपणहून डॉक्टरकडे चला म्हणाले. दहा तारखेला ऑपरेशन आहे. वर्षभर मी डोकं आपटून जे झालं नाही ते तुझ्या पाटीने केलं. मला याहून काय हवंय. मी लॅबमध्ये कधी गेले नाही कारण दार उघडलं की कागद खराब होतो, असं हे म्हणायचे. मग बाहेरच बरी होते मी.)

२२ एप्रिल

खारूताई,

हे माझं अक्षर आहे. वाकडं आहे, पण माझं आहे. उजव्या डोळ्याची पट्टी निघून आठवडा झाला. जग इतकं निळं असतं हे मी विसरून गेलो होतो. भिंतींना रंग लावून घेतला का म्हणून हिला विचारलं, तर हसत बसली.

काल डोळ्यात घालायचं औषध शोधताना कपाटाच्या खणात तुझी पत्रं सापडली. एकावर लिहिलं होतं, मामीसाठी, मोठ्याने वाचू नये. मी मोठ्याने वाचलं नाही, मनात वाचलं. न्हावी, वस्तरा, जाळी, सगळं.

आधी रागावलो. तुम्ही दोघींनी मिळून मला शेंडी लावलीत म्हणून दुपारचा चहा घेतला नाही. मग तू पाठवलेली लाल बाई काढली आणि खिडकीत जाऊन बसलो. हिने सांगितलेला एकेक शब्द ताडून बघितला. डाळिंबाच्या सालीचं आतलं अंग म्हणाली होती ना? अगदी तेच. एप्रनची पट्टी जांभळटलेली, बरोबर. भिंत किंचित बदामी, तीही बरोबर. मला चांगलं दिसत होतं तेव्हाही भिंतीतलं ते बदामी मला दिसलं असतं की नाही, देव जाणे.

आता तुला सांगतो, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लॅब होती तेव्हा मी अडलेले फोटो घरी आणायचो आणि टेबलावर पसरून ठेवायचो. ही जाता-येता म्हणायची, हा जरा पिवळा वाटतो, हिचे ओठ असे नसतील. मी खेकसायचो, तुला काय कळतं. आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप तो फोटो हिने सांगितला तसा पुन्हा छापायचो. दर वेळी तिचंच बरोबर असायचं. लोक म्हणायचे, काय डोळा आहे तुमचा! मी म्हणायचो, अनुभव.

पाटीवरून माझं नाव काढ. तिचं घाल, आणि तिच्यापुढे "यांच्या पत्नी" वगैरे काही नको. रंग अजून ओला असेल तर आजच बदल, वाळला असेल तर नवीन पाटी कर. आम्ही शनिवारी पोचतो. ऐंशी फोटो भिंतीवर चढायच्या आधी तिच्या नजरेखालून गेले पाहिजेत, टोपीवाल्यांना तसं सांगून ठेव. ती नको म्हणेल तो उतरवायचा, मी काहीही म्हणालो तरी.

हे सगळं काल हिला बोलून दाखवलं. पस्तीस वर्षांचं एका दमात बोललो. वाटलं, ही आता रडेल, नाहीतर चिडेल. ती कपडे घडी करत होती, करतच राहिली.

म्हणाली, "माहीत होतं मला. मी नावं ठेवलेलेच फोटो तुम्ही फाडून घरच्या टोपलीत टाकायचात ना, ती टोपली रोज मीच रिकामी करत होते."

मामा